फळ्यावरचा भाऊ

हार्डवेअरच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खाली दिवसभर खिळे, कड्या आणि बिजागऱ्या विकल्या जात आणि संध्याकाळी वर इंग्रजी शिकवलं जाई. दोन्ही मालांना गिऱ्हाईक सारखंच घासाघीस करतं, असं दुकानदाराचं मत होतं. शिकायला येणारी माणसं मोठी, कामाधंद्याची. कोणी टॅक्सी चालवणारं, कोणी शिवणकाम करणारं, कोणी दवाखान्यात पाळीवर जाण्याआधी जेमतेम तासभर टेकणारं. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ आणि जिभेनं फटकळ. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. समोर सगळे त्यांना बाई म्हणत. जिन्यात म्हणत डस्टरबाई.

हे नाव त्यांनी कष्टानं कमावलं होतं. सर्वनामं शिकवायची त्यांची रीत जगावेगळी होती. आधी त्या फळाभर एक परिच्छेद लिहीत आणि त्यात एकच नाव प्रत्येक वाक्यात कोंबत. माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. माझ्या भावाचं दुकान लहान आहे. माझ्या भावाकडे एक तपकिरी कुत्रा आहे. कुत्रा माझ्या भावाच्या टेबलाखाली झोपतो. माझा भाऊ कुत्र्याला बिस्किट देतो. हे सगळं इंग्रजीत, माय ब्रदर माय ब्रदर करत, अख्ख्या वर्गानं मोठ्यानं वाचायचं. एकदा नाही, जीभ जड होईपर्यंत. तोंड दुखलं की व्याकरण कळतं, असं बाई म्हणत. मग एकेकाला डस्टर देऊन फळ्याकडे पिटाळत. दुसऱ्या वाक्यापासून नाव पुसायचं, तिथं ही, हिम, हिज, नाहीतर इट लिहायचं, आणि मागे वळून वाचायचं. आता जिभेला कसं सुटल्यासारखं वाटतं ते बघा, असं त्या म्हणत आणि खरोखर वाटायचंही.

एक अट मात्र कडक होती. सगळ्यात वरचं, पहिलं नाव पुसायचं नाही. उत्साहाच्या भरात कोणी तिथं डस्टर नेलं की बाई जागेवरून ओरडत. पहिलं नाव पुसलंत तर खालचे सगळे 'ही' कोणाचे? वाऱ्यावर सोडलेत की त्यांना.

मोठ्या माणसांना शिकवणं सोपं नसतं, कारण ती वाद घालतात. टॅक्सीवाला आपल्या मालकाविषयी लिहिताना दर वाक्यात 'दे' लिही. एकच माणूस, मग 'दे' कसा, असं बाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, "मालक आहेत ते. त्यांना अरेतुरे कसं करू?" बाईंनी समजावलं, इंग्रजीत राजालाही 'ही' आणि भुरट्या चोरालाही 'ही'. टॅक्सीवाल्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यानं 'ही' लिहायला सुरुवात केली, पण लिहिताना जीभ चावायचा. शिवणवालीचं भांडण कुत्र्यावरून होतं. ज्याला आपण बिस्किट देतो त्याला 'इट' म्हणायचं म्हणजे त्याला टेबलखुर्चीत बसवलं की, असं तिचं म्हणणं. बाईंनी तिला सवलत दिली. कुत्र्याला नाव असेल आणि त्याच्यावर जीव असेल तर 'ही' चालेल. शिवणवालीनं लगेच विचारलं, मग तुमच्या भावाच्या कुत्र्याचं नाव काय? बाई म्हणाल्या, पुढचं वाक्य घ्या.

तो भाऊ वर्गाच्या चांगलाच ओळखीचा होता. कितीतरी तुकड्या आल्या नि गेल्या, फळ्यावरचा भाऊ तिथंच होता. तो शीळ घालत काम करतो, चष्मा कपाळावर चढवून टेबलभर चष्मा शोधतो, त्याला साधा चहा आवडत नाही, त्यात आलं लागतं, त्याला अलीकडे खोकला झालाय आणि तो औषध घेत नाही, हे सगळं वर्गाला पाठ होतं. तो म्हाताराही होत होता, कारण मध्येच कधीतरी त्याचे केस पिकले आणि तेही 'हिज'खाली शिकवून झालं. विद्यार्थी त्याच्याविषयी घरच्यासारखं बोलत. खोकला कसा आहे हो, असं जिन्यात एकमेकांना विचारत.

आणि बाईंची आणखी एक रीत होती. दर तुकडीच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं, ज्याच्याविषयी परिच्छेद लिहिला त्या माणसाला वर्गात घेऊन यायचं. त्याला शेजारी उभं करायचं, एकदा नाव घेऊन ओळख करून द्यायची आणि पुढची पाच वाक्यं नाव न घेता बोलायची. लोक सासूला आणत, शेजाऱ्याला आणत, दवाखान्यातल्या मावशीनं एकदा बऱ्या झालेल्या पेशंटला आणलं होतं. हसून हसून मुरकुंडी वळे. आणि दरवेळी कोणीतरी विचारी, बाई, तुमचा भाऊ कुठाय? बाईंचं उत्तर ठरलेलं असे. दुकान बंद ठेवता येत नाही त्याला.

खरी गोष्ट अशी होती की बाई आणि त्यांचा भाऊ गेली अठरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकलं तर हसू येईल. बाई शाळेत होत्या तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकून धाकट्या भावाला ऑफिसात चिकटवून घेतलं होतं. बाईंनी कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं, ते एवढंच. भावानं महिनाभर कागद इकडचे तिकडे केले आणि एका सकाळी कपाटाच्या किल्ल्या शिपायाच्या हातात ठेवून तो निघून गेला. बहिणीला चकार शब्द नाही. ही बातमी बाईंना मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत दिली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, पुन्हा माझ्याशी बोलायला येऊ नकोस. भाऊ म्हणाला, नाही येणार. रागाच्या भरात माणूस असं दहादा बोलतो आणि रात्री जेवायला एकत्र बसतो. पण ही दोघं एकाच मातीची. त्यानं शब्द पाळला आणि तिनं तो परत घेतला नाही. भावानं घर सोडलं, घड्याळांचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या खोलीत राहू लागला.

मध्ये होती आई. ती बाईंकडे राहायची. तिनं कोणाची समजूत घातली नाही, कोणाची बाजू घेतली नाही, फक्त वेळा जुळवल्या. बाई वर्गाला गेल्या की भाऊ आईकडे येई आणि त्या परतायच्या आत जाई. बाई घरी येत तेव्हा मोरीत दोन कप असत. आईच्या हाताला स्वच्छतेचं वेड होतं, चमचा उष्टा राहिलेला तिला खपत नसे, पण ते दोन कप ती कधी विसळून ठेवत नसे. बाई काही न बोलता कप धुवायच्या. एका कपाच्या तळाला आल्याचा चोथा असे.

जेवताना आई सांगे. आला होता. खोकतोय. औषध घे म्हटलं तर ऐकत नाही. कुत्रा पाळलाय, तपकिरी आहे. त्याचं नाव ती कधी घेत नसे. बाईही घेत नसत. त्या फक्त म्हणत, वाढू का आणखी? आणि दुसऱ्या दिवशी तो खोकला, तो कुत्रा, ते आलं फळ्यावर उमटे. आपण असं का करतो, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. उदाहरणाला काहीतरी लागतं, एवढंच.

मग आई गेली. झोपेत गेली, कोणाला त्रास न देता. त्या दिवशी दोघं एकाच खोलीत होती. नातेवाइकांनी दोघांमध्ये निरोपांची ने-आण केली, पाणी आणायला सांग, फुलं आली का विचार, आणि संध्याकाळी भाऊ उंबऱ्यातून बाहेर पडला तो पुन्हा आला नाही. येणार तरी कोणाकडे?

आईचं दुःख बाईंनी अपेक्षिलं होतं. दुसरं दुःख आडून आलं. महिनाभरानं वर्गात खडू हातात घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं की लिहायला नवीन काही नाही. मोरीत एकच कप होता. खोकला गेला की वाढला, माहीत नाही. त्यांनी जुनीच वाक्यं लिहिली. पुढच्या आठवड्यात तीच. मागच्या तुकडीतून राहून गेलेली शिवणवाली म्हणाली, बाई, भावाचं पुढं काही झालं की नाही? बाईंनी तिला डस्टर दिलं आणि पुसायला लावलं. पण घरी जाताना त्यांना भीती वाटली. भाऊ आपल्यावर रुसलेला होता तोवर तो होता. आता तो फळ्यावर तेवढा उरला होता आणि रोज थोडा थोडा जुना होत होता. अशानं एक दिवस तो कुठेतरी मरून जाईल आणि आपण मात्र इथं तो बिस्किट देतो असं शिकवत राहू, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या रस्त्यातच थांबल्या.

त्यानंतर दोनदा त्या सकाळी लवकर उठून घड्याळांच्या दुकानाच्या गल्लीपर्यंत गेल्या. कोपऱ्यावर एका लोहारकाम करणाऱ्याची शेड होती. तिथून दुकानाची पाटी दिसे. शटर वर जाताना त्यांनी पाहिलं, आतला दिवा लागताना पाहिला आणि त्या परत फिरल्या. अठरा वर्षांनी जाऊन पहिलं वाक्य काय बोलायचं, हे इतक्यांना वाक्यं शिकवलेल्या बाईंना सुचलं नाही.

आणि मग टॅक्सीवाल्यानं घोळ घातला.

त्याच्या बायकोचं गजराचं घड्याळ बंद पडलं होतं. गाडी चालवता चालवता त्याला एक लहानसं दुकान दिसलं म्हणून तो उतरला. आत एक पिकल्या केसांचा माणूस शीळ घालत टेबलावर काहीतरी चाचपत होता आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता. टेबलाखालून एक शेपूट बाहेर आलेलं होतं. टॅक्सीवाला दारातच उभा राहिला आणि मग त्याच्याच्यानं राहवलं नाही. त्यानं छाती पुढं काढून अख्खा परिच्छेद म्हणून दाखवला. माय ब्रदर रिपेअर्स क्लॉक्स. ही हॅज अ डॉग. इट स्लीप्स अंडर हिज टेबल. ही कान्ट फाइंड हिज स्पेक्टॅकल्स. दे आर ऑन हिज फोरहेड.

त्या माणसानं कपाळाला हात लावला, चष्मा खाली घेतला आणि विचारलं की हे कुठं शिकलात. टॅक्सीवाल्यानं सगळं सांगितलं. बाई, वर्ग, डस्टर, आलं घातलेला चहा, खोकला. कितीतरी वर्षं शिकवतात म्हणे, जुने विद्यार्थीही सांगतात, तो म्हणाला. माणसानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग त्यानं गजराचं घड्याळ उघडलं आणि दुरुस्त करून दिलं. निघताना टॅक्सीवाल्याला आठवलं की शेवटचा दिवस जवळ आलाय. तेव्हा त्यानं त्याला वर्गाचं आमंत्रणही देऊन टाकलं. दरवेळी दुकानाची सबब सांगता असं बाई म्हणतात, या वेळी आलंच पाहिजे, असं बजावून तो गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे भर वर्गात जाहीर केलं. आपण केवढी मोठी कामगिरी केली, या आनंदात त्याला बाईंचा चेहरा दिसला नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या. फक्त एक गोष्ट त्याला खटकली होती, ती त्यानं जाता जाता सांगितली. कुत्रा तपकिरी नव्हता, काळा होता. शिवणवाली म्हणाली, तुमचं काहीतरीच, दुकानात अंधार असेल. बाईंना स्वतःच्या भावाचा कुत्रा माहीत नसेल होय? मग काळा की तपकिरी यावर बराच वेळ खल झाला. बाईंनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. तब्येत ठीक नाही म्हणाल्या. त्यांना अशा कारणानं वर्ग सोडताना कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटचा दिवस येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला. तो आला नाही, तर आपलं खोटं झाकलेलं राहील आणि भाऊ कायमचा गेला हे नक्की होईल. तो आला, तर इतक्या माणसांसमोर तोंडावर पडू. या दोन्हींपैकी आपल्याला काय हवंय, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि तेच मान्य करणं जड जात होतं. वर्ग रद्द करणं हातात होतं. त्यांनी तो केला नाही.

त्या संध्याकाळी खोली भरली. शिवणवालीनं जाऊबाईला आणलं होतं आणि पाच वाक्यांत तिची सात गाऱ्हाणी सांगितली, सगळी बिनचूक सर्वनामांत. टॅक्सीवाल्यानं खुद्द मालकाला आणलं आणि त्यांच्या तोंडावर 'ही' म्हणताना त्याला घाम फुटला. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, ते मान डोलावत राहिले. शेवटची ओळख चालू असताना जिन्यात पावलं वाजली. नखांचाही आवाज आला. दारात भाऊ उभा राहिला, स्वच्छ सदरा, चष्मा जागेवर, हातात दोरी आणि दोरीला काळा कुत्रा.

कोणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी त्याला नमस्कार केला, दवाखान्यातल्या मावशीनं खोकल्याचं विचारलं आणि शिवणवालीनं कुत्र्याला निरखून पाहिलं. टॅक्सीवाला म्हणाला, "आता बाईंची पाळी. नियम सगळ्यांना सारखा."

बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. भाऊ येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला, हातभर अंतर ठेवून. त्याच्या सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास येत होता. बाईंनी वर्गाकडे पाहिलं आणि त्याचं नाव घेतलं. कागदावरचं नाही, घरातलं, तो रांगायचा तेव्हाचं. ते जिभेवर येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती, पण ते आलं. पुढची वाक्यं तर पाठच होती. ही रिपेअर्स क्लॉक्स, त्या म्हणाल्या. ही हॅज अ ब्राउन डॉग.

खोलीत कोणी हसलं नाही. सगळे काळ्या कुत्र्याकडे बघत होते.

"तपकिरी गेला, ताई," भाऊ हळूच म्हणाला. "आईच्या मागोमाग गेला. हा नंतरचा."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग त्या आपल्या विद्यार्थ्यांना मराठीतच म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. आम्ही अठरा वर्षं बोललेलो नाही. तुम्हाला शिकवलं ते सगळं आईनं सांगितलेलं होतं. दुकान बंद ठेवता येत नाही हे खोटं होतं. मी त्याला कधी बोलावलंच नव्हतं." त्यांचा आवाज सपाट होता, धडा वाचावा तसा. फक्त पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

टॅक्सीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांना उठवावं हे शिवणवालीला सुचलं. जाऊबाईला हाताला धरून ती जिना उतरली, तिच्यामागून बाकीचे. टॅक्सीवाला सर्वांत शेवटी गेला. जाताना त्यानं बाईंची माफी मागितली. बाई म्हणाल्या, कशाबद्दल? वाक्यं बरोबर होती तुमची.

खोलीत दोघं उरली, आणि कुत्रा. भाऊ फळ्याजवळ गेला. त्याची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती, म्हणून तो नाक टेकवून वाचत होता. आदल्या दिवशीचा परिच्छेद तसाच होता, वर त्याचं नातं आणि खाली रांगेनं ही, हिज, हिम.

"खोकला बरा झाला," तो म्हणाला. "चहात आलं आता घालत नाही, पोटाला बाधतं."

"बरं."

"तुझंही मला असंच कळायचं. गुडघा दुखतो, चष्म्याचा नंबर वाढला, पोरांवर ओरडते. आई गेल्यापासून तुझंही काही कळलं नाही. आहेस की नाही, तेही संध्याकाळी खालच्या रस्त्यावरून या खोलीतला दिवा बघून ठरवायचो."

बाई खुर्चीवर बसल्या. पलीकडून आपल्यालाही कोणी असं दुरून वाचत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. कुत्रा येऊन त्यांच्या पायांशी बसला, बहुतेक खुर्चीखाली जागा होती म्हणून.

"आता आई नाही," डोळे पुसून त्या म्हणाल्या. "यापुढं तुझं मला तूच सांगत जा."

"ये की दुकानात. सकाळी लवकर उघडतो मी."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यापर्यंत येऊन गेलेय."